पाण्याची जागा

आमच्या गावाचे नाव बदलापूर. दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडली, की पाचवीच्या वर्गातला एखादा मुलगा उभा राहतो आणि विचारतो, "सर, आपल्या गावात काय बदलायचे?" मग मी त्याला माझ्या आजीने मला सांगितलेली गोष्ट सांगतो. कोकणातून घाटावर जाणारे आणि घाटावरून कोकणात उतरणारे घोडेस्वार इथे थांबत. दमलेला घोडा देत, ताजा घोडा घेत आणि पुढची वाट धरीत. घोडे बदलायचे गाव ते बदलापूर. ही झाली दंतकथा. तिला कागदाचा आधार मागू नये. पण दंतकथेतही थोडे शहाणपण असते. घोड्यांचा तळ पडायचा म्हणजे गवत हवे, पाणी हवे आणि पावसाळ्यात बुडणार नाही अशी उंच जागाही हवी. आमच्या गावापाशी या तिन्ही गोष्टी होत्या. त्यांतल्या तिसऱ्या गोष्टीविषयी आज मला थोडे लिहायचे आहे. लिहायला जरा जड जाणार आहे. पण दिवाळीला घर झाडताना कोपऱ्यातलीही धूळ काढावी लागते.

बाहेरच्या माणसाला बदलापूर म्हणजे स्टेशन. मुंबईपासून ६८ किलोमीटरवरचे, संध्याकाळच्या गर्दीत डब्यातून ढकलले जाऊन उतरायचे स्टेशन. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली, आणि १८५६ साली कल्याणहून पळसदरीपर्यंत रूळ गेले. आगगाडी आमच्या गावात काही शिरली नाही. स्टेशन झाले कुळगावच्या बाजूला, आणि नाव मात्र आमचे घेतले गेले. त्यामुळे आम्हांला आमच्या गावाला 'बदलापूर गाव' असे खुलासा करून म्हणावे लागते.

रेल्वेचा आणखी एक विनोद आहे. मुंबईत रुळांची जी बाजू पूर्व, ती शेवटपर्यंत पूर्व, असा इथला शिरस्ता. पण कल्याण सोडल्यावर रूळ आग्नेयेकडे वळतात. त्यामुळे आमच्याकडे सूर्य उगवतो तो स्टेशनच्या 'पश्चिमे'कडून, आणि मावळतो तो 'पूर्वे'कडच्या डोंगरांमागे. वर्गात दिशा शिकवताना माझी नेहमी त्रेधा उडते. मुले मात्र गोंधळत नाहीत. नदीची बाजू आणि डोंगराची बाजू, एवढे त्यांना पुरते.

आमची नदी उल्हास. राजमाचीच्या डोंगरात ती उगम पावते, कर्जत-नेरळवरून आमच्याकडे येते आणि पुढे कल्याणवरून वसईच्या खाडीला जाऊन मिळते. सगळी मिळून १२२ किलोमीटरांची वाटचाल. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले. १९४९ साली त्या वस्तीला नाव देण्याची वेळ आली तेव्हा ते या नदीवरूनच घेतले गेले. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांना एका नदीने आपले नाव दिले. मला ही गोष्ट नेहमी फार चांगली वाटते.

ही नदी उन्हाळ्यातही आटत नाही, यामागे एक गंमत आहे. घाटावरच्या आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडीच्या धरणात अडवले आहे. तेथून ते डोंगराखालच्या भिवपुरीच्या वीजघरात उतरते आणि वीज करून झाली की उल्हासला येऊन मिळते. हे १९२२ पासून चालले आहे. एरवी हे पाणी इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेले असते. आता ते आमच्या दारावरून अरबी समुद्राला जाते. घोडे बदलायचे दिवस गेले. पण पाणी अजून इथे आपला समुद्र बदलते!

एकदा मी मुलांना घेऊन कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यांना गेलो होतो. राजमाचीच्या पायथ्याच्या दाट रानात, आमच्या नदीच्या माथ्याशी ही बौद्ध लेणी आहेत. दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्याचा दर्शनी भाग दगडात कोरलेला, पण कोरणाऱ्याच्या मनात लाकूडकाम होते हे तुळया-वाशांवरून लगेच कळते. बाजूला एका भंगलेल्या यक्षमूर्तीपाशी ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे: कान्हाचा शिष्य बलक याने हे केले. मुलांना त्या बलकाचे फार अप्रूप वाटले. एक जण म्हणाला, "सर, त्यांनी एवढ्या वर चढून का कोरले?" मी घाटवाटा, व्यापारी, भिक्षूंचा वर्षावास असे काही सांगू लागलो. तेवढ्यात नदीकाठच्या घरातला एक मुलगा म्हणाला, "खाली पाणी येत असेल." सगळे हसले. मी हसलो नाही.

खाली अंबरनाथचे देऊळ आहे. आमच्यापासून आगगाडीने एकच स्टेशन. शिलाहार राजांच्या वेळचे, शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा त्यावरच्या शिलालेखाचा काळ. भिंतीचा एक हात मोकळा सोडलेला नाही, इतकी मूर्तींची दाटी. गाभाऱ्यात जायचे तर पायऱ्या उतरून जमिनीखाली जावे लागते. बाहेर वालधुनी वाहते. तिची काय दशा आपण केली आहे ते सणासुदीला सांगत बसत नाही. पण त्या देवळापाशी उभे राहिले की माझ्या मनात दर वेळी एकच विचार येतो. राजाचे देऊळ राहिले, भिक्षूंची लेणी राहिली. मग त्यांना भात पुरवणारा शेतकरी कुठे राहत होता? दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात कल्याण बंदराचे नाव आहे. त्या बंदराच्या मागे भाताची शिवारे असणारच. त्या शिवारांतली घरे, बांध, होड्या, सगळे गेले कुठे?

इंग्लंडात सॉमरसेट नावाचा एक सखल, पाणथळ मुलूख आहे. तेथे १९७० साली दलदलीतली कुजट माती खणणाऱ्या एका कामगाराला जुनी लाकडी फळी लागली. पुढे उकरले तेव्हा ती एक वाटच निघाली: दलदल ओलांडून जाण्यासाठी बांधलेली, जवळजवळ दोन किलोमीटर लांबीची. लाकडाच्या वर्तुळांवरून विद्वानांनी तिचे वर्ष काढले. इ. स. पूर्व ३८०७ किंवा ३८०६! जवळपास सहा हजार वर्षांपूर्वी कुण्या शेतकऱ्याने पाय भिजू नयेत म्हणून टाकलेली फळी त्या चिखलाने जशीच्या तशी सांभाळून ठेवली होती.

आमचा चिखल असा जपणारा नाही. तो चार महिने भिजतो, आठ महिने भाजतो. वर्षातून एकदा नांगर फिरतो. लाकूड राहत नाही, कूड राहत नाही. पण मला वाटते, आमच्याकडेही एक गोष्ट टिकून राहिली आहे. ती म्हणजे शेतांची नावे. आमच्या लहानपणी प्रत्येक खाचराला नाव होते, जसे गाई-बैलांना असते. कुठे डोह होता, कुठे वड होता, कुठून वाट जायची, हे सारे त्या नावांत होते. आमच्या घरच्या शेतांपैकी नदीकडच्या सर्वांत खालच्या शेताचे नाव होते 'लवण'. लवण म्हणजे खोलगट जागा; जिथे पाणी उतरते ती.

लवण आमच्या मालकीचे होते असे म्हणणे तितकेसे खरे नाही. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की त्याचा ताबा दुसऱ्यांकडे जाई. रात्री वलगणीचे मासे ओहोळातून वर चढून खाचरात येत. आम्ही मुले कंदील घेऊन मोठ्या माणसांच्या मागे जात असू. पायाखाली मुठे तुरुतुरु पळत, बेडकांच्या आवाजाने बोललेले ऐकू येत नसे, आणि एखादी पाणदिवड पिंढरीला घासून गेली की काळजाचे पाणी होई. सकाळी पाहावे तो बांधावर वंचक मान आखडून बसलेले, गायबगळे नांगरामागून चालणारे, आणि टिटवी सगळ्यांना शिव्या देत डोक्यावरून फिरणारी. आफ्रिकेतून पावसाबरोबर येणारा चातक चिंचेवरून ओरडे. भात निसवले की बांधालगतच्या झाडावर सुगरणींची घरटी झुलू लागत. आणि दिवाळीच्या सुमारास, भात कापून झाले की, उत्तरेकडून पांढरा धोबी यायचा. करड्या अंगरख्याचा, शेपटी सारखी वरखाली करणारा चिमुकला पाहुणा. ओल्या जमिनीवरून तो असा तुरुतुरु चाले, की जणू जमिनीची मोजणी करायला आला आहे.

लवणाच्या बांधावर कारिटाचे वेल पसरत. नरकचतुर्दशीला पहाटे अंगणात तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने फोडायचे ते कडू फळ. आदल्या दिवशी ती गोळा करून आणण्याचे काम माझे. अर्ध्या गावाची कारिटे मी लवणातून नेली आहेत.

मी एकदा आजीला विचारले होते, की आपण लवणात घर का नाही बांधले? नदी जवळ, विहीर खणायला नको, मासे दारात. आजी भात पाखडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "ती जागा पान्याची हाय. पावसात त्याची, दिवालीत आपली."

आता जड जाणारी गोष्ट.

२६ जुलै २००५ च्या पावसाने मुंबईची जी दैना केली ती सर्वांना आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या उल्हासनेही त्या दिवशी आपली सगळी जुनी जागा परत घेतली. लवणात पुरुषभर पाणी होते. मी ते पाहिले. आमच्या घराच्या ओट्यावरून उभे राहून पाहिले. घर उंचवट्यावर असल्यामुळे ओट्याला पाणी लागले नव्हते.

पुढे वडील आजारी पडले. दुखणे लांबले, कर्ज झाले. वडील गेले आणि कर्ज राहिले. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे होते. त्या सुमारास गावाभोवती जमिनींचे भाव चढू लागले होते. मुंबईत घर न परवडणारी माणसे एकेक स्टेशन मागे सरत आमच्यापर्यंत येऊन पोचली होती, आणि त्यांनाही डोक्यावर छप्पर हवेच होते. २००९ साली मी लवण विकले. घेणाऱ्याने सातबारा पाहिला, मोजणी पाहिली, रस्ता पाहिला. पाणी येते का, हे त्याने विचारले नाही, आणि मी सांगितले नाही. चार वर्षांपूर्वीचा पूर सगळ्या जगाला ठाऊक आहे, तो त्यालाही ठाऊक असेलच, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. कर्ज फिटले. लग्न झाले. डंपरांनी मुरूम आणून ओतला आणि दोन उन्हाळ्यांत लवण रस्त्याच्या पातळीला आले. मग त्यावर तीन इमारती उभ्या राहिल्या. त्या संकुलाचे नाव नदीवरूनच ठेवले आहे.

टिटवी एक वर्ष त्या भरावावर फिरत राहिली. नंतर दिसेनाशी झाली. भरावाचे एक असते: तो पाणी नाहीसे करीत नाही. लवणात मावणारे पाणी आता शेजारच्या घरांकडे जाऊ लागले. आमच्या काकींच्या गोठ्यात कधी पाणी शिरले नव्हते, तेथे ते शिरू लागले. काकींनी मला एका शब्दाने विचारले नाही. त्यांनी गोठा वर बांधून घेतला.

२०१९ च्या जुलैची २६ तारीख उलटून रात्र झाली, आणि पाऊस थांबेना. त्या रात्री बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली. दुसरा दिवस शनिवार होता. हेलिकॉप्टरे आमच्या डोक्यावरून घरघरत गेली. आपत्ती निवारणाची आणि नौदलाची माणसे रबरी होड्या घेऊन आली, आणि त्यांनी हजारांहून अधिक उतारू सुखरूप बाहेर काढले. ते सगळ्या देशाने पाहिले. आमच्या लवणाकडे कोणाचे लक्ष नव्हते. तेथे तळमजल्यावर गाड्या तरंगत होत्या, आणि खालच्या खोल्यांतली माणसे जिन्यात बसून होती.

पाणी ओसरल्यावर मी शाळेत मुलांना एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या घरी, शेजारी, म्हाताऱ्या माणसांना विचारायचे: पाणी कुठवर आले होते? २००५ साली कुठवर, यंदा कुठवर? भिंतीवरचा डाग मोजायचा आणि वहीत लिहायचे. पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर निळी आणि लाल पूररेषा असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. आमची रेषा मुलांच्या पट्टीने मोजलेली होती. मुलांनी फार मन लावून काम केले. गावठाणातल्या जुन्या घरांसमोर त्यांच्या वहीत ओळीने शून्ये आली. कोंढाण्याच्या वाटेवर "खाली पाणी येत असेल" म्हणणारा तो मुलगा तोवर दहावीत गेला होता. तो मुद्दाम वह्या पाहायला आला आणि म्हणाला, "सर, जुनी माणसं पाण्याला विचारून घर बांधत होती."

त्या संकुलात माझ्या वर्गातला एक मुलगा राहत होता, तळमजल्याच्या खोलीत. मोजायला त्याच्याबरोबर मी गेलो. त्याच्या आईने भिंतीवरचा डाग दाखवला. माझ्या छातीपर्यंत होता. गाद्या गच्चीवर वाळत होत्या. फ्रीज गेला होता, शिलाईचे यंत्र गेले होते. त्यावरच घर चालत होते असे दिसले. मुलगा पट्टी लावून आकडे घेत होता. तेवढ्यात ती म्हणाली, "सर, ही जमीन पूर्वी तुमची होती म्हणे?"

"हो," मी म्हणालो.

"मग इथं पाणी येतं हे तुम्हांला ठाऊक असेल."

"हो."

ती काही वेळ बोलली नाही. मग आत गेली आणि चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना ती म्हणाली, "आम्हांला कुणीतरी सांगायला हवं होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचले असते. कर्जाचे, लग्नाचे, वडिलांच्या दुखण्याचे उत्तर माझ्यापाशी तयार होते. त्या चहापुढे त्यातले एकही वर काढता आले नाही.

त्या रात्री मी मुलांच्या वह्या पुढे घेतल्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून शेतांची नावे लिहायला बसलो. शंभराच्या घरात नावे निघाली. बरीचशी पाण्याची होती. सर्वांत पहिल्या पानावर मी लिहिले: 'लवण. इथे पाणी येते. माहीत असून मी हे २००९ साली विकले.' खाली सही केली. ती वही शाळेच्या कपाटात आहे. जमीन घ्यायला येणारे कुणी ती मागत नाही. पण कुणी मागितली तर आता ती आहे.

यातून फार मोठे काही झाले असे मला सांगायचे नाही. इमारती तेथेच आहेत आणि माणसे कुठे जाणार? एवढे झाले आहे, की जुलैत पावसाने जोर धरला, की त्या संकुलातून मला फोन येतो, "सर, कर्जतला किती पडला?" मी कर्जतला, नेरळला ओळखीच्या माणसांना विचारतो आणि सांगतो. मग ते गाड्या वर रस्त्यावर आणून लावतात. खालची माणसे गाद्या आणि शिलाईची यंत्रे दुसऱ्या मजल्यावर नेतात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, तेव्हा तेवढे तरी वाचले. सॉमरसेटच्या त्या मुलखातही २०१४ च्या हिवाळ्यात शेते आणि घरे कित्येक आठवडे पाण्याखाली होती, असे मी वाचले. सहा हजार वर्षांपूर्वी फळ्या टाकणाऱ्या माणसाला जे ठाऊक होते, ते तेथेही माणसांना पुन्हा शिकावे लागले.

गेल्या दिवाळीची गोष्ट. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी तोच मुलगा, आता चांगला उंच झालेला, धाकट्या बहिणीला घेऊन माझ्याकडे आला. स्टेशनवर कारिटे विकायला आली होती. पण तिला वेलावरची हवी होती. मी दोघांना घेऊन निघालो. संकुलाच्या मागे, नदीच्या अंगाला, अजून दोन-तीन खाचरे शिल्लक आहेत. भात कापून झाले होते. जमीन अजून ओली होती. बांधावर वेल होता, आणि वेलावर मूठभर कारिटे होती.

परतताना आम्ही संकुलाच्या आवारातून आलो. गाड्या लावायच्या ओल्या फरशीवर एक पांढरा धोबी शेपटी हलवीत चालला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पूर्वीसारखाच. मुलगी थबकली. "हा इथं कसा?" तिने विचारले.

"दर वर्षी येतो," मी म्हणालो. "तुमच्या इमारतीच्या आधीपासून."

"तेव्हा इथं काय होतं?"

मी तिला खिशातली पेन्सिल दिली आणि ते नाव तिच्या हातानेच लिहायला सांगितले. कागद नव्हता. तिने ते कारिटांच्या पुडीवर लिहिले: लवण.